कडक ऊन आणि फिल्म : एक्स्पोजर व कॉन्ट्रास्टच्या प्रश्नाचा आढावा

मुंबई-पुण्यात फिल्म कॅमेरे पुन्हा हातात घेणारी तरुण मंडळी आता दिसू लागली आहेत. घरातल्या कपाटातला जुना यशिका किंवा झेनिट बाहेर निघतो, त्यात रोल भरला जातो आणि पहिल्याच रोलबरोबर एक जुना प्रश्न परत येतो. भर उन्हात काढलेल्या फोटोंत चेहरे काळवंडतात आणि शर्ट पांढरेफटक होतात, ते कशामुळे?

या प्रश्नावर शंभराहून अधिक वर्षं काम झालं आहे. रसायनतज्ज्ञांनी आलेख काढले, छायाचित्रकारांनी पद्धती रचल्या, कंपन्यांनी फिल्मच्या डब्यात सूचनापत्रकं घातली. तरीही नवख्याच्या कानावर येणारे सल्ले परस्परविरोधीच असतात. एक्स्पोजर वाढवा, डेव्हलपिंग कमी करा, सगळं प्रिंटवर सोडा, दुपारी कॅमेरा काढूच नका किंवा काळ्या सावल्यांतच चित्र शोधा, असं सगळंच सांगितलं जातं. यातला प्रत्येक सल्ला कुठल्या तरी परिस्थितीत बरोबर असतो. ती परिस्थिती कोणती, हे शोधणं हा या आढाव्याचा हेतू आहे. माझं निरीक्षण असं की, एक्स्पोजर आणि कॉन्ट्रास्ट हे दोन वेगळे निर्णय एकात मिसळल्यामुळे यातले बरेच वाद उभे राहतात. ते वेगळे केले की मोजकेच खरे मतभेद उरतात.

पार्श्वभूमी

मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्याच पिढीतले छायाचित्रकार. त्या काळातली रसायनं प्रामुख्याने निळ्या प्रकाशालाच दाद देत. त्यामुळे आकाश कोरं पांढरं उमटे आणि तांबूस-सावळी त्वचा होती त्याहून काळी दिसे. एक्स्पोजर किती द्यायचं, हे अनुभवावर ठरे.

या अंदाजाला मोजमापाची शिस्त आली ती १८९० साली. इंग्लंडमधल्या विडनेस या कारखान्यांच्या गावी रसायनतज्ज्ञ फर्डिनंड हर्टर आणि अभियंता व्हेरो ड्रिफील्ड यांनी काचेच्या प्लेटवर पडलेला प्रकाश आणि त्यातून उमटलेला काळेपणा यांचा आलेख मांडला. हा आलेख तळाशी सपाट असतो, मध्ये सरळ चढतो आणि वर पुन्हा वाकतो. सावल्या तळाशी बसतात, झगझगीत भाग वरच्या टोकाला. डेव्हलपिंगचा वेळ वाढवला की चढ तीव्र होतो, पण तळाचा भाग फारसा हलत नाही. सावल्यांसाठी एक्स्पोज करा आणि झगझगीत भागांसाठी डेव्हलप करा, हा निगेटिव्हचा जुना नियम या आलेखातूनच समजतो.

पुढचा टप्पा कोडॅकच्या प्रयोगशाळेतला. लॉइड जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या उघड्यावरच्या दृश्यांमधली उजेडाची तफावत मोजली आणि १९४१ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. सर्वांत उजळ आणि सर्वांत गडद भागांचं प्रमाण सरासरी १६० ला १ निघालं. वेगवेगळ्या दृश्यांत ते सुमारे २७ पासून ७६० पर्यंत पसरलेलं होतं. फिल्मचा वेग ठरवण्याच्या अमेरिकी मानकाला जोन्स यांच्याच कामाचा पाया मिळाला. त्या मानकात सुरक्षिततेसाठी जादा एक्स्पोजर धरलेलं होतं. १९६० साली ते बरंच कमी केलं गेलं आणि फिल्म न बदलता डब्यांवरचे वेग जवळपास दुप्पट झाले. जुन्या पुस्तकांतला ‘एक स्टॉप जास्त द्या’, म्हणजे दुप्पट प्रकाश द्या, हा सल्ला वाचताना ही तारीख लक्षात ठेवावी लागते.

जोन्स यांच्या मोजमापाच्याच सुमारास, १९३९-४० मध्ये, लॉस एंजेलिसच्या आर्ट सेंटर स्कूलमध्ये अॅन्सेल अॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी झोन सिस्टिम आकाराला आणली. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत शून्य ते दहा झोन आणि दोन झोनमध्ये एक स्टॉपचं अंतर, अशी तिची रचना. तपशील दिसायला हवा अशी सावली तिसऱ्या झोनमध्ये बसवायची, झगझगीत भाग कुठे जातो ते पाहायचं आणि तो फार वर जात असेल तर डेव्हलपिंगचा वेळ कमी करायचा.

सामान्य माणसाला यातलं काही ठाऊक असण्याची गरज पडली नाही. बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजने बनवलेल्या आग्फा क्लिक थ्री कॅमेऱ्यावर ऊन आणि ढग अशा खुणा असत. बाकीचं काम निगेटिव्ह फिल्मची सहनशीलता आणि स्टुडिओतल्या प्रिंटरचा हात करी.

आपलं ऊन नेमकं कसं आहे

हे मोजमाप झालं ते समशीतोष्ण प्रदेशात. कोडॅकचं रॉचेस्टर सुमारे ४३ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिथे जूनच्या सर्वांत मोठ्या दिवशी माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ७० अंश वर येतो. पुणे साडेअठरा अंशांवर. इथे तेवढी उंची सूर्य मार्चच्या विषुवदिनीच गाठतो आणि मेच्या मध्यावर तो थेट डोक्यावर असतो. रॉचेस्टरचा परमोच्च सूर्य म्हणजे पुण्याचा मार्चमधला सूर्य.

याचा परिणाम उजेड किती आहे यापेक्षा तो कुठून येतो यावर जास्त होतो. उभ्या माणसाचा चेहरा ही उभी पातळी असते. डिसेंबरच्या दुपारी पुण्यात सूर्य ४८ अंशांवर असतो, तेव्हा त्याच्याकडे तोंड केलेल्या चेहऱ्यावर थेट उन्हाचा सुमारे दोन तृतीयांश हिस्सा पडतो. सूर्य ८० अंशांवर गेला की तोच हिस्सा सहाव्या भागाच्या आसपास येतो. जमीन, खांदे आणि टोपी मात्र पूर्ण ऊन घेत राहतात. सनी सिक्स्टीन म्हणजे एफ/१६ ला फिल्मच्या वेगाइतकी शटर स्पीड, हा नियम समोरून ऊन येत असेल तेव्हासाठीचा आहे. मेच्या दुपारी तो जमिनीला लागू पडतो, चेहऱ्याला पडत नाही.

एक उदाहरण आकड्यांत पाहू. देवळाच्या पायरीवर पांढरी टोपी घातलेला, काळी घोंगडी घेतलेला म्हातारा बसला आहे. अर्धा उन्हात, अर्धा दीपमाळेच्या सावलीत. स्वच्छ पांढरं कापड पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ८० टक्के परत फेकतं, काळी घोंगडी चारेक टक्के. हे प्रमाण २० ला १. ऊन आणि उघडी सावली यांत साधारण तीन स्टॉपचा, म्हणजे आठपटीचा फरक. उन्हातली टोपी आणि सावलीतली घोंगडी यांत मग २० गुणिले ८, म्हणजे १६० पट फरक पडतो. जोन्स यांची सरासरी ती हीच, सुमारे सव्वासात स्टॉप. पण मागचा गाभाऱ्याचा दरवाजा फ्रेममध्ये घेतला की हिशेब दहा स्टॉपच्या पुढे जातो. प्रिंटच्या कागदावर सर्वांत पांढरा आणि सर्वांत काळा यांचं प्रमाण साधारण १०० ला १ एवढंच मिळतं. निगेटिव्हमध्ये हे सगळं मावलं तरी कागदावर काहीतरी दाबावं लागतं. खरा पेच तिथे आहे.

महाराष्ट्रातलं आणि गोव्यातलं ऊनही सगळीकडे सारखं नसतं. एप्रिल-मे महिन्यांतल्या धुरकट हवेत प्रकाश थोडा विखुरतो आणि सावल्या किंचित भरल्या जातात. पावसाने धुतलेल्या हवेत ऑक्टोबरचं ऊन अधिक धारदार असतं आणि सावल्या अधिक काळ्या. मराठवाड्यातली काळी जमीन खालून जवळपास काहीच प्रकाश परत देत नाही. गोव्यातली वाळू आणि चर्चच्या चुन्याने रंगवलेल्या भिंती सावल्यांत भरपूर प्रकाश टाकतात. कोकणातला जांभा लालसर उजेड परत देतो, आणि रंगीत फिल्मवर तो हनुवटीखाली दिसतो.

पहिला मतभेद : मीटर कुठे धरायचा

कॅमेऱ्यातले बहुतेक जुने मीटर समोरच्या दृश्याची सरासरी काढतात. फ्रेममध्ये आकाश किंवा पांढरी भिंत आली की ते फसतात आणि कमी एक्स्पोजर सांगतात. हे सर्वांना मान्य आहे. उपायाबाबत तीन मतं आहेत.

पहिलं मत स्पॉट मीटरचं. झोन सिस्टिमवाले महत्त्वाची सावली एका अंशाच्या कोनातून मोजतात आणि मीटर सांगेल त्यापेक्षा दोन स्टॉप कमी देतात. यात दृश्यातली तफावतही कळते. मात्र कुठली सावली महत्त्वाची हे ठरवणं माणसावर राहतं, आणि तिथे चूक झाली तर सगळा हिशेब चुकतो. लेन्समध्ये विखुरणारा प्रकाशही हे मोजमाप थोडं बिघडवतो.

दुसरं मत इन्सिडंट मीटरचं, म्हणजे दृश्यावर पडणारा प्रकाश मोजण्याचं. अमेरिकी डॉन नॉरवुड यांनी १९४०च्या सुमारास मीटरवर पांढरा अर्धगोल बसवला आणि सिनेमावाल्यांनी तो उचलून धरला. विषय पांढरा की काळा याने हे मीटर फसत नाही. ऊन डोक्यावर किंवा बाजूला असेल तेव्हा अर्धगोल कॅमेऱ्याकडे वळवायचा की सूर्याकडे, याबद्दल मात्र एकमत नाही. दोन्हीकडे मोजून सरासरी घ्यावी, हा मधला मार्ग बराच वापरला जातो. फिल डेव्हिस यांनी १९८१ साली ‘बियाँड द झोन सिस्टिम’ या पुस्तकात उन्हात एक आणि सावलीत एक असं मोजमाप घेण्याची पद्धत मांडली. एक्स्पोजर सावलीतल्या आकड्यावरून ठरतं. दोन आकड्यांतल्या फरकात वस्तूंच्या रंगछटांसाठी पाच स्टॉप मिळवले की दृश्याची तफावत मिळते.

तिसरं मत सांगतं की, मीटरची गरजच नाही. सूर्याचा उजेड दुपारी फारसा बदलत नाही. समोरून ऊन असेल तर एफ/१६, बाजूने असेल तर एक स्टॉप जास्त, पाठीमागून असेल आणि चेहरा जवळून घ्यायचा असेल तर दोन ते तीन स्टॉप जास्त. कोडॅकच्या पत्रकांतला हिशेबही साधारण असाच होता. रस्त्यावर वेगाने काम करणाऱ्यांना हे सोयीचं पडतं.

या तिन्ही पद्धती नीट वापरल्या तर निकाल एका स्टॉपच्या आत येतात. निगेटिव्हसाठी तेवढा फरक चालतो, स्लाइडसाठी चालत नाही.

दुसरा मतभेद : जास्त द्यावं की नेमकं

इथे फिल्मचा प्रकार सगळं ठरवतो. स्लाइड फिल्ममध्ये साधारण पाच स्टॉपच मावतात आणि जळालेला पांढरा भाग परत आणता येत नाही. त्यामुळे कोडाक्रोम असो की १९९०ची व्हेल्व्हिया, उजळ भाग सांभाळा आणि सावल्या सोडून द्या, याबद्दल वाद नाही.

रंगीत निगेटिव्हचा न्याय उलट आहे. एक्स्पोजर कमी पडलं की सावल्या चिखलासारख्या होतात आणि त्यात रंगांची झाक येते. एक-दोन स्टॉप जास्त झालं तर बहुतेक वेळा काही बिघडत नाही. म्हणून पोर्ट्रा ४०० ही फिल्म कडक उन्हात २०० समजून वापरण्याचा रिवाज पडला आहे.

कृष्णधवल निगेटिव्हबाबत मात्र दोन तट आहेत. एक तट म्हणतो की, डब्यावरचा वेग प्रमाणित चाचणीतून आलेला आहे. तो सरसकट निम्मा केला तर निगेटिव्ह विनाकारण दाट होते, दाणा वाढतो आणि झगझगीत भाग आणखी वर सरकतात. दुसरा तट सांगतो की, ती चाचणी ठरावीक डेव्हलपिंग गृहीत धरते. उन्हातला कॉन्ट्रास्ट उतरवण्यासाठी डेव्हलपिंग कमी केलं की फिल्मचा प्रत्यक्ष वेगही काहीसा घटतो, म्हणून ४०० ची फिल्म २०० वर वापरणं योग्य. नीट पाहिलं तर दोघं वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलत आहेत. एक्स्पोजर दुप्पट करून डेव्हलपिंग तेच ठेवलं तर फक्त सावल्या सुरक्षित होतात, कॉन्ट्रास्ट कमी होत नाही. एक्स्पोजर वाढवून डेव्हलपिंग वीसेक टक्क्यांनी घटवलं तर दोन्ही साधतं. नवशिक्यांपर्यंत बहुतेकदा या सल्ल्याचा पहिला अर्धाच पोहोचतो.

इथे कॅमेऱ्याची मर्यादाही आड येते. ४०० ची फिल्म भर उन्हात एफ/१६ ला १/५०० सेकंद मागते, आणि अनेक जुन्या कॅमेऱ्यांत शटर तिथेच संपतं. मागचं धूसर करायला लेन्स उघडणं शक्यच होत नाही. अशा वेळी ५० ते १२५ वेगाची फिल्म किंवा उजेड कमी करणारा एनडी फिल्टर हा साधा मार्ग आहे.

तिसरा मतभेद : डेव्हलपरमध्ये आवरायचं की कागदावर

शीट फिल्मवर प्रत्येक चित्र वेगळं डेव्हलप करता येतं. झोन सिस्टिम त्याच जगात जन्मली. ३५ मिलिमीटरच्या रोलवर मात्र सकाळचं कोवळं ऊन, दुपारची गल्ली आणि संध्याकाळचं अंगण एकाच पट्टीवर असतं. एका फ्रेमसाठी वेळ कमी केला तर बाकीच्या फिक्या पडतात.

म्हणून एक मत असं की, रोल नेहमीसारखा डेव्हलप करावा आणि कॉन्ट्रास्ट प्रिंट करताना आवरावा. इल्फर्डने १९४० साली मल्टिग्रेड कागद आणला आणि एकाच कागदावर फिल्टर बदलून कॉन्ट्रास्ट कमी-जास्त करण्याची सोय झाली. आज दुहेरी शून्यापासून पाचपर्यंत ग्रेड मिळतात. त्यात डॉजिंग आणि बर्निंगची भर घातली की बरंच काही सावरता येतं. विरुद्ध मत असं की, फार मऊ ग्रेडवर मधल्या छटा निर्जीव होतात आणि चेहरा मधल्या छटांतच असतो. त्यामुळे निगेटिव्हच मावेल अशी करावी.

तिसरा मार्ग कॉम्पेन्सेटिंग डेव्हलपिंगचा. डेव्हलपर पातळ केला आणि हलवणं कमी केलं की झगझगीत भागांतला डेव्हलपर लवकर थकतो आणि सावल्यांतला काम करत राहतो. दोन भांड्यांचा डेव्हलपर किंवा रोडिनल १+१०० मध्ये तासभर न हलवता ठेवणं, ही याच तत्त्वाची रूपं. यात तथ्य आहे, पण दावे मोठे आहेत. हलवणं बंद केलं की पट्टे आणि डाग पडण्याचा धोका असतो. टी-मॅक्स किंवा डेल्टा यांसारख्या नव्या फिल्मचा आलेख खूप वरपर्यंत सरळ चढतो. जुन्या फिल्मबद्दलचे अनुभव त्यांना जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

आपल्याकडे यात तापमानाची भर पडते. एचपी५ प्लस आयडी-११ मध्ये १+१ प्रमाणात २० अंशांवर १३ मिनिटं डेव्हलप होते, २४ अंशांवर सुमारे ९ मिनिटं. मे महिन्यात नळाचं पाणीच ३० अंशांच्या पुढे असेल तर वेळ पाच मिनिटांच्या आसपास येतो. त्यात आणखी वीस टक्के कपात केली तर डेव्हलपिंग असमान होण्याची भीती राहते. म्हणजे कॉन्ट्रास्ट कमी करण्याची गरज सर्वांत जास्त असते त्याच ऋतूत तो कमी करणं सर्वांत अवघड असतं. बर्फाच्या पाण्यात भांडी ठेवणं हा घरगुती उपाय सर्वपरिचित आहे. डेव्हलपर १+३ पातळ करणं हा दुसरा. त्यात २० अंशांवरचा वेळ २० मिनिटांपर्यंत वाढतो, गरम पाण्यातही हाताशी पुरेसा अवधी राहतो आणि झगझगीत भाग आपोआप थोडे आवरले जातात. कोडॅकने उष्ण प्रदेशांसाठी डीके-१५ हा सोडियम सल्फेट असलेला डेव्हलपर सुचवला होता, कारण सल्फेटमुळे जिलेटिन कमी फुगतं. आज त्याचा उल्लेखही विरळ झाला आहे.

चौथा मतभेद : उजेडच बदलावा का

दृश्यच सौम्य करावं, ही सिनेमावाल्यांची वाट. मराठी सिनेमाचं सुरुवातीचं चित्रीकरण सूर्याच्याच भरवशावर चाले. बाबूराव पेंटर यांनी १९२३च्या ‘सिंहगड’मध्ये कृत्रिम प्रकाश वापरला, पण बाह्यचित्रीकरणात ऊन आवरण्याचं काम पुढेही रिफ्लेक्टरवरच राहिलं. सिनेछायाचित्रकार सुब्रत मित्र यांनी १९५६च्या ‘अपराजितो’साठी सेटवर कापड ताणून त्यावरून प्रकाश परतवला आणि मऊ उजेडाची नवी जाण आणली. मुंबईच्या शूटिंगवर आजही डोक्यावर स्किमर, म्हणजे पातळ कापडाचा पडदा, ताणून ऊन गाळतात आणि थर्माकोलवरून चेहऱ्यावर उजेड परतवतात. चंदेरी रिफ्लेक्टरपेक्षा थर्माकोल डोळ्यांना सुसह्य, कारण त्यावरून येणारा प्रकाश पसरट असतो.

एकट्या छायाचित्रकाराकडे फिल फ्लॅश असतो. इथे शटरचा प्रकार महत्त्वाचा ठरतो. पडद्याच्या शटरला फ्लॅश बहुधा १/६० किंवा १/१२५ पर्यंतच जुळतो, तर रोलायफ्लेक्स किंवा हॅसलब्लाड ५०० सी यांच्या लेन्समधल्या शटरला १/५०० पर्यंत. १०० च्या फिल्मवर एफ/१६ ला १/१२५ म्हणजे काम जेमतेम जमतं, १/६० वर एफ/२२ लागतं. फ्लॅश उन्हापेक्षा दीड-दोन स्टॉप कमी ठेवला तर सावली भरते आणि फ्लॅश मारल्याचं जाणवत नाही. याला विरोध करणारे म्हणतात की, भरलेली सावली जागेचं खरेपण घालवते. हा मतभेद तंत्राचा नाही, हेतूचा आहे.

फिल्टरबद्दल एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. पिवळा, नारिंगी किंवा लाल फिल्टर आकाश गडद करतो म्हणून कडक उन्हात सरसकट लावला जातो. उघड्या सावलीवर पडणारा प्रकाश निळ्या आकाशाचा असतो. निळा अडवणारा फिल्टर त्या सावल्याही गडद करतो, म्हणजे कॉन्ट्रास्ट वाढवतो. सावळी त्वचा त्यात उजळते हे खरं, पण डोळ्यांखालची सावली आणखी खोल होते.

फिल्मला दृश्याआधी किंवा नंतर अगदी मंद, एकसारखा उजेड दाखवून सावल्या उचलण्याची युक्तीही जुनी आहे. फ्रेडी यंग यांनी १९६६ साली ‘द डेडली अफेअर’च्या चित्रीकरणात ती वापरली, व्हिल्मोस झिगमंड यांनी १९७१च्या ‘मॅकेब अँड मिसेस मिलर’मध्ये. जुन्या, कोटिंग नसलेल्या लेन्समध्ये विखुरणारा उजेड हेच काम थोड्याफार प्रमाणात आपोआप करतो. कडक उन्हात काही जण मुद्दाम जुन्या लेन्स वापरतात, त्याला आधार आहे.

पाचवा मतभेद : सावली हा दोष आहे का

आतापर्यंतच्या सगळ्या पद्धतींनी एक गोष्ट गृहीत धरली, की सावलीत तपशील हवा. ती सगळ्यांना मान्य नाही. छायाचित्रकार अॅलेक्स वेब यांनी मेक्सिको, हैती आणि कॅरिबियन भागात कोडाक्रोमवर काम करताना सावल्या पूर्ण काळ्या होऊ दिल्या आणि त्या काळ्या आकारांवर फ्रेम बांधली. त्यांचं १९८६चं ‘हॉट लाइट/हाफ-मेड वर्ल्ड्स’ हे पुस्तक या भूमिकेचा ठोस पुरावा आहे. स्लाइड फिल्मची मर्यादा त्यांनी भाषा म्हणून वापरली.

रघुबीर सिंग यांचा मार्ग वेगळा. १९९८च्या ‘रिव्हर ऑफ कलर’ या पुस्तकात त्यांनी भारतीय दृष्टीचं रंगाशी असलेलं नातं ठामपणे मांडलं. १९९४च्या ‘बॉम्बे : गेटवे ऑफ इंडिया’ या मुंबईवरच्या पुस्तकातही त्यांच्या फ्रेम काळ्या सावलीपेक्षा रंग, काचा आणि गर्दीच्या थरांवर उभ्या राहतात. ऊन तेच, फिल्मही त्याच जातीची, तरी निर्णय निराळे. तांत्रिक आढाव्यात ही उदाहरणं यासाठी महत्त्वाची की, काय वाचवायचं हे ठरल्याशिवाय एक्स्पोजर बरोबर की चूक हे सांगता येत नाही.

काय अजून सुटलेलं नाही

पहिला न सुटलेला प्रश्न त्वचेचा. अॅडम्स यांनी उन्हातली गोरी त्वचा सहाव्या झोनमध्ये ठेवली. सावळ्या चेहऱ्यासाठी पाचवा किंवा त्याच्याही खालचा झोन स्वाभाविक ठरतो. म्हणजे चेहरा एक झोन खाली आणि पांढरी टोपी किंवा सदरा तिथेच, अशी आपल्याकडची नेहमीची स्थिती असते. चेहरा उजळ करावा की आहे तसा गडद ठेवून त्यातला तपशील जपावा, याबद्दल आपल्या छायाचित्रकारांची मतं आणि सवयी आहेत, पण लिखित मांडणी फार थोडी आहे.

दुसरा प्रश्न स्कॅनिंगचा. आज बहुतेक निगेटिव्ह कागदाऐवजी स्कॅनरवर जातात. दाट झगझगीत भाग स्कॅनरला जड जातात, म्हणून थोडी पातळ आणि मऊ निगेटिव्ह स्कॅनिंगला बरी पडते. त्याच वेळी लॅबमधले फ्रंटियर किंवा नोरित्सू स्कॅनर रंग आणि उजेड आपणहून दुरुस्त करतात. जादा एक्स्पोजरमुळे रंग हलके आणि सुंदर आले, असं सांगितलं जातं, तेव्हा त्यात फिल्मचा वाटा किती आणि स्कॅनरचा किती, हे वेगळं करणं कठीण असतं. जोन्स यांनी प्रिंट पाहणाऱ्यांच्या पसंतीवर मानक उभं केलं. स्कॅनसाठी तसं सर्वमान्य मानक नाही.

तिसरा प्रश्न साहित्याचा. कोडाक्रोम २००९ मध्ये बंद झाली. १९६० साली उटीला स्थापन झालेल्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सची इंदू फिल्मही आता बनत नाही. त्या फिल्मवर तयार झालेले आडाखे मात्र अजून फिरत असतात. कुठला सल्ला कुठल्या फिल्मसाठी होता, हे तपासल्याशिवाय तो वापरणं जोखमीचं आहे.

निष्कर्ष

आजच्या घडीला पुढील गोष्टी निश्चित म्हणता येतात. एक्स्पोजर सावल्या ठरवतं, डेव्हलपिंग आणि कागद झगझगीत भाग ठरवतात. स्लाइडमध्ये हा क्रम उलटा होतो. कृष्णधवल रोल अख्खा कडक उन्हात काढला असेल तर एक स्टॉप जास्त एक्स्पोजर आणि वीसेक टक्के कमी डेव्हलपिंग हा सुरक्षित मार्ग आहे. रोलवर मिश्र उजेड असेल तर पातळ डेव्हलपर आणि मल्टिग्रेड कागद बरा. रंगीत निगेटिव्हला एक स्टॉप जास्त द्यावा. सूर्य डोक्यावर असताना मोजमाप जमिनीवरून घेऊ नये, चेहऱ्याच्या पातळीवर घ्यावं.

उरलेल्या प्रश्नांची उत्तरं बाहेरून येणार नाहीत, कारण आपलं ऊन, आपलं पाणी आणि आपले चेहरे त्या चाचण्यांत नव्हते. सोलापूरच्या मेमधल्या, वेंगुर्ल्याच्या ऑक्टोबरमधल्या, पुण्याच्या डिसेंबरमधल्या उन्हात कुणी एकाच फिल्मवर नीट चाचण्या केल्या आणि पाण्याच्या तापमानासह त्या नोंदी मराठीत लिहून ठेवल्या, तर या विषयात खरी भर पडेल. फिल्म वापरणाऱ्या प्रत्येकाने पुढच्या रोलबरोबर एक वही ठेवावी आणि फ्रेमगणिक वेळ, उन्हाची दिशा, एक्स्पोजर आणि डेव्हलपिंग लिहावं, एवढीच विनंती.